वैमानिकाशेजारची सीट

चारचौघांत सासूबाईंचं वजन करावं, असा माझा मुळीच हेतू नव्हता. मला फक्त खडीच्या धावपट्टीवर उतरायचं होतं.

आता सिंगापुरात चोआ चू कांगला नवव्या मजल्यावर राहणाऱ्या आणि रोज कंपनीच्या बसने जुरोंग आयलंडला जाणाऱ्या माणसाला ही हौस का असावी? कारण मी एक व्हिडिओ पाहिला होता. बोर्निओच्या डोंगरात, घनदाट जंगलाच्या मधोमध, एक खडीची पट्टी. एक टोक वर, एक टोक खाली, समोर थेट डोंगर! तिथे ते चिमुकलं विमान उतरतं कसं? थांबतं कसं? खडी पंख्यात उडत नाही का? मला जेवण जाईना. (जात होतं. पण प्रश्न विचारत विचारत.)

"सुधीर, एकदाचा जाऊन ये," बायको मेधा वैतागून म्हणाली, "पण आम्हालाही घेऊन जा."

आम्हाला म्हणजे ती, मुलगी इरा आणि पुण्याहून सुट्टीला आलेल्या सासूबाई. विमान सहा जणांचं, त्यात वैमानिकाशेजारची एक सीट प्रवाशाला मिळते. समोरच्या काचेतून सगळं दिसणारी! ती सीट माझी, हे मी घरात जाहीर करून टाकलं. कोणी विरोध केला नाही. तिथेच मला शंका यायला हवी होती.

अडचण एकच, सामानाला माणशी एक लहान पिशवी. सासूबाईंनी मात्र डिंकाचे लाडू, भाजणी, गूळ आणि लिंबाच्या लोणच्याची काचेची बरणी जेवणाच्या टेबलावर मांडली होती.

"जंगलात काय मिळणार खायला?" त्या म्हणाल्या.

"आई, तिथे माणसं राहतात!"

"राहतात ना? मग त्यांनाही देऊ."

इथे माझी प्रतिभा जागी झाली. पुणे-सिंगापूर खेपांत आपण काय करतो? जे बॅगेत बसत नाही ते अंगावर घालतो! माझं ढीगभर खिशांचं जाकीट मी सासूबाईंना दिलं, त्यात सगळं कोंबलं आणि वरून शाल पांघरली.

"बॅगेचं वजन करतात, माणसाचं कोण करतं?" मी ऐटीत म्हणालो.

छोट्या विमानात माणसाचंच करतात.

बोर्निओच्या किनाऱ्यावरच्या एका छोट्या विमानतळावर एक हसरा तरुण वैमानिक आणि धान्याच्या गोदामात असतो तसला काटा आमची वाट पाहत होते. तो एकेकाला काट्यावर चढवून आकडा तळहातावर लिहून घेत होता.

"हे कशाला?" मी विचारलं. (कुतूहल!)

"विमानाचा तोल राखायला, अंकल. सगळ्यात जड माणूस पुढे, माझ्याशेजारी."

माझा आनंद गगनात मावेना. एरवी सासूबाई आणि मी वजनाला जवळपास सारखे, पण पारडं थोडं माझ्या बाजूचं. मी छाती फुगवून काट्यावर उभा राहिलो. मग सासूबाई चढल्या. काट्याने आचका दिला. कुठल्यातरी खिशात बरणी किणकिणली.

"आंटी, फ्रंट सीट!"

"अहो, थांबा!" मी ओरडलो. "ते वजन त्यांचं नाही, त्यांच्या..."

सासूबाई माझ्या कानाशी आल्या. "सुधीरराव, लाडू उतरले तर मीही उतरणार."

मेधाचा पाय माझ्या पायावर पडला. मी गप्प बसलो, तेही शेवटच्या रांगेत, पिशव्यांच्या शेजारी.

विमान उडालं. मान कितीही ताणली तरी समोरचं काही दिसेना.

"आई, काय दिसतंय?" मी इंजिनाच्या वरताण ओरडलो.

"मी डोळे मिटलेत!"

"उघडा की!"

"उघडले तर विमान पडेल!"

"पपा, लीव्ह हर अलोन लाह!" इरा किंचाळली.

आणि आम्ही उतरलो. म्हणजे, मला ते ऐकू आलं. पत्र्याच्या डब्यात कोणीतरी फुटाणे भाजावेत तशी पोटाखाली खडी तडतडली, एक हिसका बसला आणि सगळं थांबलं. समोर डोंगर होता का? मला काय विचारता! ज्यांच्यापुढे होता त्यांनी डोळे मिटले होते.

पण परतीचा प्रवास बाकी होता. त्या रात्रीपासून मी लाडवांवर हल्ला चढवला. जाकीट हलकं आणि मी जड, एका दगडात दोन पक्षी! पण सासूबाई गावात लाडू वाटत सुटल्या. एकमेकींची भाषा एकीलाही कळत नव्हती, तरी गावातल्या बायकांनी भाजणीसकट सगळं पसंत केलं आणि बदल्यात तांदूळ, डोंगरी मीठ आणि दोन अननस दिले. जाकीट पहिल्यापेक्षा टम्म!

निघायच्या सकाळी मी धावपट्टीच्या कडेला एकटाच फेरी मारून आलो.

"अंकल," वैमानिक तिथल्या काट्याकडे पाहतच राहिला, "इथे असं काय खाल्लंत?"

"हवा चांगली आहे," मी म्हणालो. आकडा सासूबाईंच्या वर गेला होता! मी विजयी वीरासारखं विमानाकडे पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. तिसऱ्याला पँट माझ्याबरोबर आली नाही.

दोन्ही हातांनी ती पकडली, पण खिसे उलटे झाले आणि खडखडखड करत खडी सांडली. निरोप द्यायला आख्खा गाव जमला होता. एक बाई हसता हसता खालीच बसली.

"ओ माय गॉड, पपा," इरा म्हणाली. "आय डोन्ट नो यू."

वैमानिकाने एक खडा उचलला. "अंकल, ही धावपट्टी आहे. गावकऱ्यांनी नदीतून पाठीवर वाहून आणलीय. तुम्ही ती घेऊन चाललात, तर मी उडू कशावरून?"

मग एका हाताने पँट धरून दुसऱ्या हाताने मी धावपट्टी जागेवर ठेवली. सासूबाई शाल सावरत देखरेख करत होत्या. "सुधीरराव, तिकडे खळगा राहिला बघा!"

पुन्हा वजन झालं. पुन्हा मी शेवटच्या रांगेत. पण यावेळी सासूबाईंना कंठ फुटला. डोळे सताड उघडे! "अगंबाई, नदी! ढग बघा, खाली! वैमानिकदादा, हा दांडा कशाचा?" आणि तो उत्साहाने एकेक गोष्ट समजावून सांगत होता.

आता आमच्या बिल्डिंगखाली कोणी विचारलं, की खडीच्या धावपट्टीवर विमान उतरतं कसं, तर मी म्हणतो, थांबा, सासूबाईंना फोन लावून देतो. धावपट्टी उचलून खिशात कशी घालतात, हे मात्र मला विचारा.