तिच्या खिळ्यांची घरं

बायको जाऊन पाच महिने झाले. नळदुर्गात आमचा छापखाना होता. मी मशीन चालवायचो, ती खिळे जुळवायची. खिळे म्हणजे शिशाची सुटी अक्षरं. माझी शाळा चौथीपतोर, तिची तेवढीबी न्हाई. अक्षरं ती शिकली ती खिळ्यांवरच, म्हणजे उलटी. जुळवलेली पत्रिका ती घडाघडा वाचायची अन् छापून हातात दिली की अडखळायची.

माझी भाची सोलापूरला डिझाईनच्या कॉलेजात शिकवते. पोरांना छपाई कळावी म्हणून ती वर्गात लावायला पोस्टरं करतेय. मागं एकदा लॅपटॉप घेऊन आली. पहिल्या पोस्टरवर खिळ्याचं चित्र, त्यावर सरळ 'क'.

"हे कागदावर उलटं उठंल," मी म्हणलं. "मास्तरीण कशी झालीस तू?"

"तुम्ही आहात ना चुका काढायला, मामा." तिनं 'क' उलटा केला.

दुसरं पोस्टर खिळ्यांच्या लाकडी पेटीचं. पेटीत लई घरं, घराघरात एकेक अक्षर. भाचीला मामीची पेटी होती तशीच काढायची होती. खाली लिहिलंबी होतं, 'मांडणी', अन् पुढं माझ्या बायकोचं नाव. ते नाव आजवर कुठं छापलं न्हवतं. मला बरं वाटलं.

"सांगा, 'ण' कुठं होता?"

मला आठवंना. माझं मशीन तिच्या मागं होतं. सगळी वर्षं मी तिची पाठ बघितली. पेटी भंगारात घातली तेव्हाबी आत वाकून बघितलं न्हाई.

"मामीचं कोपर कुठं जायचं, तेवढं तरी?"

"लग्नसराईत सारखं उजवीकडं. 'चि. सौ. कां.' लागायचं ना. 'च' अन् 'स' तिनं स्वतःच जवळ आणले होते."

भाचीनं ते भरले. मग वेलांटी, अनुस्वार. पुढं मी अडलो. डोळे मिटून हात फिरवला, तर हात मशीनला कागद लावायला लागला.

"बाकी घरं छपाईच्या पुस्तकातनं घेते," भाची हळू म्हणली. "पण मामा, ही चार घरं त्यातल्या मांडणीशी जुळत नाहीत. सगळंच पुस्तकातलं घ्यावं लागेल."

"घे. अन् तिचं नाव काढ."

"राहू द्या की. कोण तपासतंय?"

"ती तपासायची. दुसऱ्याच्या कामाला तिचं नाव नगं."

तिनं लगेच काढलं न्हाई. म्हणली, "सोमवारी छापायला देणार आहे. तोवर आठवलं तर फोन करा."

दोन दिवस मी जेवायच्या ताटावर, अंथरुणावर बोटं फिरवत बसलो. पाचवं घर काही सापडलं न्हाई. सोमवारी सकाळी मीच फोन लावला अन् नाव काढायला सांगितलं. ती व्हय म्हणली.