एकटीचा फोटो

माझ्या सासूबाई, दगडाबाई, दूधवाल्यासमोरच दुधात बोट बुडवून बघतात. मी घरबसल्या मोबाइलवर फोटो काढायला शिकू लागले, तेव्हा मोबाइलकडंही त्यांनी त्याच नजरेनं बघितलं.

भाकरी-ठेच्याचे फोटो काढून झाले. पुढचा धडा चेहऱ्याचा होता. मी त्यांना खिडकीपाशी बसवलं आणि सावलीतल्या गालावर उजेड पडावा म्हणून शेजारच्या खुर्चीवर गुलमंडीच्या बाजारातून आणलेली कोरी पांढरी चादर टाकली.

"एकटीचाच काढायलीस?"

"हो, आत्याबाई. सरळ माझ्याकडं बघा. हसू नका."

त्या चादरीकडं बघत उठल्या. "तुझ्या सासऱ्याच्या फोटोशेजारी जागा हाय, ते मला बी दिसतंय. लई लवकर तयारी चाललीय तुझी."

आमच्याकडं म्हाताऱ्या माणसाचा एकट्याचा फोटो हार घालायलाच लागतो, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. तसं काही मनात नव्हतं, अशी मी शपथ घेतली, पण उपयोग झाला नाही. त्यानंतर माझ्या हातात मोबाइल दिसला की त्या तोंडावर पदर ओढून घ्यायच्या.

एका दुपारी मात्र त्या जेवणाचं ताट घेऊन आपणहून खिडकीत बसल्या. भाकरीचा मोठा घास ठेच्यात बुडवून त्यांनी गालात कोंबला.

"काढ आता," त्या भरल्या तोंडानं म्हणाल्या. "घास चावणाऱ्या बाईला कोण हार घालतंय बघू."

मी फोटो काढून दाखवला. त्यांनी तो डोळ्यांजवळ धरून बराच वेळ निरखला.

"हा घास मोबाइलमधून पुसता येतो का गं?"

"येत असेल," मी म्हटलं. "तो धडा मी शिकणार नाही."