फेटा कुणामुळं भिजला

सकाळी डोळे उघडायच्या आधी माझा हात गोधडीखाली जायचा. इकडं चाचपायचं, तिकडं चाचपायचं, पोरीच्या झबल्याच्या काठाला हात लावायचा आणि तिथूनच ओरडायचं, "कोरडी! अगं ए, आजपण कोरडी!" बायको तोंडातली मशेरी तशीच ठेवून मोरीतून बाहेर यायची. माझ्या शब्दावर तिचा विश्वास नसे. स्वतः हात फिरवून खात्री करायची आणि मगच दाराआडच्या भिंतीवर कोळशानं एक रेघ ओढायची. पोरगी उठून बसलेली असायची आणि दोघांचे चेहरे बघून टाळ्या पिटायची. आपण नेमकं काय मोठं केलंय हे तिला कळत नसावं, पण काहीतरी केलंय एवढं कळायचं.

ही चौसष्ट-पासष्ट सालची गोष्ट. आम्ही सांगलीत दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो आणि मी एका छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचं काम करत होतो. दिवसभर दुसऱ्यांची वाक्यं उलटी जुळवायची. घरी मी फार बोलणारा माणूस नव्हतो, अजूनही नाही. पण ही गोष्ट माझ्या पोटात इतकी वर्षं बसून आहे, की आता ती सांगितल्याशिवाय राहवत नाही.

थोरली मुलगी अडीच वर्षांची होती आणि बायकोला पुन्हा दिवस गेले होते. आधीची एक खेप तिसऱ्या महिन्यात वाया गेलेली. त्यामुळं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, वाकायचं नाही, उकिडवं बसायचं नाही, पोर उचलायचं नाही. मग पोरीच्या शी-शूचं कुणी बघायचं? घरात तिसरं माणूस मीच.

पहिल्या दिवशी बायकोनं मोरीच्या दारात उभं राहून शिकवलं. पाटावर बसायचं. पाय पुढं लांब करायचे. पावलांत थोडी फट ठेवायची, पोरीला दोन्ही पावलांवर बसवायची, तिचे हात धरायचे आणि ओठांतून बारीक शीळ काढायची. शूऽऽ. मला शीळ जमेना. नुसती हवा जायची. बायको तोंडाला पदर लावून हसत होती, पोरगी माझ्या तोंडाकडं बघत होती. चौथ्या दिवशी शीळ वाजली आणि त्याच क्षणी खालून धार आली. मी असा खूष झालो, की तसाच ओल्या पायांनी बाहेर येऊन शेजारच्या काकूंना सांगितलं. काकू म्हणाल्या, "अगंबाई! पुरुषमाणूस, आणि हे?" मग जरा थांबून म्हणाल्या, "रात्रीसाठी काळे तीळ आणि गूळ द्या थोडा. आणि दिवेलागणीनंतर पाणी बेतानंच."

छापखान्यात लग्नपत्रिका छापताना बऱ्याच प्रती वाया जायच्या. त्या मी घरी आणायला लागलो, शीच्या वेळी खाली घालायला. बायको आधी प्रत्येक पत्रिकेची वरची पट्टी, देवाचं नाव असलेली, फाडून देवळीत ठेवायची. पट्ट्यांची पुडी साठली की मी ती कृष्णेत सोडून यायचो. खालच्या नवरानवरीबद्दल मात्र तिची काही हरकत नव्हती.

महिन्याभरात पोरगी हुशार झाली. दिवसा शू आली की खेळ टाकून माझ्याकडं यायची, सदऱ्याचं टोक ओढायची आणि म्हणायची, "दादा, शू." गावाकडं माझी भावंडं मला दादा म्हणायची, तेच तिनं उचललं होतं. मी छापखान्यात असलो की आईकडं कुरकुरत का होईना जायची. पण मी घरात दिसलो, की दुसरं कुणी चालायचं नाही. तिला माझेच पाय लागायचे, माझीच शीळ लागायची. रात्री एकदा मी तिला उठवायचो, ती झोपेतच माझ्या पावलांवर बसायची. भिंतीवर एकोणीस रेघा झाल्या.

आता जे सांगायचं ते.

माघात गावाकडून निरोप आला, धाकट्या बहिणीची सुपारी फोडायची आहे, शिराळ्याकडचे पाहुणे येणार आहेत. आमचं गाव साताऱ्याहून फलटणकडं जाणाऱ्या रस्त्याला. आम्ही तिघं एसटीनं गेलो. वाटेत दोनदा पोरीनं सांगितलं, दोनदा गाडी थांबली असताना मी तिला रस्त्याकडेला बसवलं, आणि फ्रॉक कोरडा ठेवून आम्ही गावच्या फाट्यावर उतरलो. मला वाटत होतं, वाजतगाजत जावं.

पण घराच्या उंबऱ्याशी मी पोरीला खाली उतरवलं आणि तिचा हात बायकोच्या हातात दिला. ते मी विचार करून केलं नाही, आपोआप झालं. आमच्याकडं बापानं आपल्या बापासमोर स्वतःचं मूल उचलायचं नसे. मूल रडत असलं तरी दुसरीकडं बघायचं. तशी रीतच होती. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला उचललेलं मला आठवत नाही. आजोबा होते ना घरात.

दुसऱ्या दिवशी सोप्यात घोंगडी अंथरली होती. आबा, पाहुणे, भावकीतली चार माणसं, आणि कडेला मी. उकाडा नव्हता, तरी नवऱ्या मुलाच्या चुलत्यानं फेटा उतरवून शेजारी ठेवला होता. गुलाबी, नवा कोरा. बोलणी रंगात आली होती. तेवढ्यात सदऱ्याचं टोक ओढलं गेलं.

"दादा, शू."

मी हळूच म्हणालो, "आईकडं जा."

ती आत गेली. बायको चुलीपुढं होती, तिनं पोरीला मागं नेलं. मला ऐकू येत होतं, पोरगी रडत होती, "दादाचे पाय, दादाचे पाय." थोड्या वेळानं परत आली. पुन्हा टोक ओढलं. "दादा, शू." या वेळी जरा मोठ्यानं. पाहुण्यांनी माझ्याकडं बघितलं. आबांनीही बघितलं.

मी हसलो. म्हणालो, "मला काय सांगतीस? मला काय कळतंय त्यातलं?"

सगळे हसले. आबाही हसले. मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

पोरगी हसली नाही. ती माझ्याकडं बघत राहिली. दोन्ही गुडघे एकमेकांना चिकटवून, जितका वेळ धरता आली तितका वेळ तिनं धरली. मग घोंगडीवर धार लागली, उताराला लागून सरळ गेली आणि त्या गुलाबी फेट्यापाशी जाऊन थांबली. थांबली कसली, फेट्यानं ती पिऊन टाकली.

आबा गरजले. सुनेशी ते थेट बोलत नसत, म्हणून आईला म्हणाले, "आगं ए! तुझ्या सुनेनं पोरीला काय वळण लावलंय का न्हाई? सांगलीत ऱ्हाऊन निसती बसून खाती व्हय?"

"आवं, हळू बोला, पाव्हणं हायती," आई आतून म्हणाली.

फेट्याचा मालक भला माणूस. म्हणाला, "आसू द्या, आसू द्या. लेकराचं पाणी त्ये. शकुन झाला म्हना की!"

बायको डोक्यावरचा पदर सावरत बाहेर आली. तिनं पोरीच्या पाठीत एक धपाटा घातला. तोवर तिनं पोरीवर हात उगारलेला मी पाहिला नव्हता. "माझंच चुकलं," एवढंच म्हणाली आणि तिला ओढत आत घेऊन गेली. माझ्याकडं तिनं पाहिलं नाही. मी फेटा झटकत बसलो.

सुपारी फुटली. सांगलीला परतलो. त्या रात्री गोधडी भिजली. दुसऱ्या रात्री भिजली. दिवसासुद्धा पोरगी सांगेना. कोपऱ्यात जाऊन उभी राहायची आणि झाल्यावर नुसती बघायची. मी पाय लांब करून बोलावलं तर आईच्या मागं लपायची. मी बायकोला म्हणालो, "हिला झालंय तरी काय?"

ती गोधडी पिळत होती. म्हणाली, "तिथं तुम्ही तिला ओळख दिली नाहीत."

बस्स. आणि गोधडी वाळत घालायला गेली. मला वाटतं, ओरडली असती तर सोपं गेलं असतं.

मग मी एक वेड्यासारखं सुरू केलं. कामावरून आलो की मोरीत पाट मांडायचो, पाय लांब करायचो आणि एकटाच शीळ घालत बसायचो. पोरीला बोलवायचं नाही, तिच्याकडं बघायचंही नाही. शेजारच्या काकू खिडकीतून म्हणाल्या, "अहो, पोर कुठाय? की तुम्हालाच होत नाहीये?" पोरगी दारात उभी राहून बघायची. पाचव्या-सहाव्या दिवशी तिनं आपली ठकी, लाकडी बाहुली, आणून माझ्या पावलांवर बसवली. मी ठकीचे नसलेले हात धरले आणि शीळ घातली. पोरगी वाकून खाली बघायला लागली, ठकीला होतंय का. नाही झालं. तिनं ठकीला काढून बाजूला ठेवलं आणि स्वतः बसली.

शूऽऽ! मी जो ओरडलो, तो बायको पोट सावरत धावत आली. तिला वाटलं, मी घसरलो.

रेघा पुन्हा सुरू झाल्या. एक, चार, नऊ. सकाळी चाचपताना पुन्हा छाती धडधडायला लागली. परीक्षेचा निकाल बघायला जातानाही माझी अशी धडधडली नव्हती. चैत्र संपेपर्यंत रेघांची दुसरी ओळ भरली. आणि वैशाखात बहिणीचं लग्न.

एसटीत बसल्यापासून माझ्या मनात एकच होतं. आता पोरगी पुन्हा सगळ्यांच्या देखत येणार.

ती आली नाही. हे मला अजून टोचतं. हळदीच्या दिवशी अंगणात मांडव होता, पन्नास माणसं होती, मी आबांशेजारी बसलो होतो. पोरगी मांडवाच्या खांबाला धरून उभी राहिली, गुडघे चिकटवून, आणि लांबूनच माझ्याकडं बघायला लागली. सांगत नव्हती. मी काय करतो, ते बघत होती.

मी उठलो. मधल्या माणसांचे पाय ओलांडत गेलो आणि तिला उचललं. अंगणाच्या कडेला, सगळ्यांना दिसेल अशा जागी एक दगड होता, त्यावर बसलो, पाय लांब केले, तिला बसवलं आणि शीळ घातली. शीळ अशी खणखणीत वाजली, की वाजंत्रीवाल्यानं मान वळवून बघितलं.

चुलतभाऊ ओरडला, "काय रं गड्या, सांगलीला जाऊन दाई झालास व्हय? आता दूध बी पाजत आसशील!"

"पाजलं आसतं रं," मी म्हणालो, "पर येत न्हाई!"

मांडवभर हशा पिकला. पोरगीसुद्धा हसली, बसल्या बसल्या, आणि धार वाकडी जाऊन माझ्या नव्या धोतरावर आली. मला त्याचं काही वाटलं नाही. अंगात वारं शिरल्यासारखं झालं होतं. तेवढ्यात आबा उठून आमच्याकडं येताना दिसले. ते आले, हातातला पाण्याचा तांब्या माझ्याजवळ ठेवला आणि दुसरीकडं बघत म्हणाले, "पानी वत त्याच्यावर. मान्सं हिंडत्यात." आणि गेले.

त्याच वेळी त्यांना हाक मारून सांगायला हवं होतं, की आबा, सुपारीच्या दिवशीही तिनं मलाच सांगितलं होतं, दोनदा. तांब्या हातात होता, शब्द ओठांवर होते. पण एवढं केलं हेच खूप झालं, असं मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं. पोरीला ओळख दिली. बायकोला दिली नाही.

फेट्याची गोष्ट आमच्या घरात मुरली. प्रत्येक लग्नाकार्यात कुणीतरी ती काढायचं आणि प्रत्येक वेळी तिच्यात आळशी सून असायची, जिनं पोरीला वळण लावलं नाही. सगळे हसायचे. मीही हसायचो. बायको वाढत असायची, नाहीतर पानं उचलत असायची. पंचवीस वर्षं.

गेल्या महिन्यात त्याच मुलीच्या लेकीचं बारसं झालं. जेवणं झाल्यावर बहिणीनं पान लावता लावता सुरुवात केली, "आमच्या सुपारीला काय झालं ठावं हाय का? वयनींनी पोरीला काय शिकवलंच न्हवतं..."

"तिनं मला सांगितलं होतं," मी म्हणालो.

आवाज इतका मोठा निघाला, की पाळण्यातलं बाळ दचकलं. आता थांबणं शक्य नव्हतं. "दोनदा सांगितलं. सदरा ओढून. तिला मीच शिकवलं होतं, माझ्या पायांवर बसवून. आबांसमोर मला लाज वाटली, म्हणून मी कळलं नाही असं केलं. फेटा माझ्यामुळं भिजला. हिच्यामुळं नाही."

मग मुलगी म्हणाली, "म्हणजे दादा, मी शहाणी होते की!" आणि हसत सुटली.

मी बायकोकडं बघितलं. ती दाराशी बसून पत्रावळी एकात एक घालत होती. हात थांबले होते.

"हे मामंजी असताना बोलायला हवं होतं," ती म्हणाली.

आबांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. मी मान हलवली.

मग पत्रावळी बाजूला सारून तिनं भिंतीला पाठ टेकली, पाय पुढं लांब केले, आणि माझ्या बहिणीला म्हणाली, "वन्सं, आता ती गोष्ट पहिल्यापासून सांगा बघू. नीट सांगा."

बहिणीनं पान तोंडात टाकायचं ठेवून दिलं. माझ्याकडं एकदा बघितलं.

"तर काय झालं," ती म्हणाली, "पोरगी आली ती सरळ दादाकडं..."