दोन हार, एक माप

"हे हार मी बांधणार नाय, आक्का," दामू म्हणाला आणि त्याने सुई रिळात खोचून ठेवली.

लग्न दोन दिवसांवर होतं. ऑर्डर हायवेजवळच्या एका मोठ्या हॉटेलची होती. लग्नाचे दोन हार, निशिगंध आणि लाल गुलाब. दामूला काही वेळापूर्वीच कळलं होतं की नवरी नाही. दोघंही नवरेच आहेत.

माझं पंचवटीत फुलांचं दुकान आहे. मालक वारले तेव्हापासून मीच चालवते. शिक्षण चौथीपर्यंत. त्यामुळे मी लिहिते ते बोलल्यासारखंच लिहिते, तेवढं चालवून घ्या.

दामू मूळचा पेठकडचा, डोंगरातल्या पाड्यावरचा. तीस वर्षांपासून माझ्याकडे आहे. एका देवळात रोज आमचा हार जातो, पुरुषभर लांब, आणि तो फक्त दामू बांधतो. आंघोळ करून, अनवाणी बसून. देवाचा हार हातात असला की तो एक शब्द बोलत नाही. बाकीचा दिवस त्याचं तोंड बंद नसतं.

आमच्या धंद्यात हारांची 'जोडी' असते. नवऱ्याचा हार लांब, नवरीचा वीतभर आखूड. खाली लोंबतो तो गोंडा. नवऱ्याचा गोंडा मोठा, नवरीचा लहान. गिऱ्हाईक नुसतं 'एक जोडी' म्हणालं की आम्हाला सगळं कळतं. मळेवालाही त्या हिशोबानेच फुलं धाडतो.

ऑर्डर द्यायला एका मुलाची आई आली होती. शाळेतून रिटायर झालेल्या बाई. मुलगा अनिकेत सोबत होता, सहा फुटी, लाजाळू. दुसरा रोहन, तो पुण्याहून येणार होता.

बाई म्हणाल्या, "आक्का, एकच सांगते. दोन्ही हार सारखे पाहिजेत. एका मापाचे. दोन वर्षं मला जो तो विचारतोय, यातली नवरी कोण. त्या दिवशी कोणी हार बघून ठरवायला नको."

"दोन्ही लांब," मी म्हणाले.

"बोटभरही फरक नको."

"आई, मोजपट्टी घेऊन येशील आता," अनिकेत म्हणाला.

"येईन," बाई म्हणाल्या.

मला त्या लग्नातलं फार कळलं असं नाही. फुलांच्या धंद्यात कळावं लागत नाही. साठीच्या नवऱ्यांना मी हार दिलेत. तिसऱ्या लग्नाला आलेल्या माणसाला दिलेत, आणि पहिल्या दोन्ही वेळचे हारही माझेच होते.

दामूचं मात्र अडलं.

"ह्याच हातानं देवाचा हार बांधतो," तो म्हणाला. "माझ्या धर्मात हे बसत नाय."

"मागच्या महिन्यात कुत्र्याच्या वाढदिवसाचा हार बांधलास."

"कुत्र्याचं लग्न नव्हतं."

"पोळ्याला बैलांचे बांधतोस."

"बैल देव हाय, आक्का."

इथे मी हरले. मग मी जुनं काढलं. काढू नये ते काढलं. म्हटलं, "तू पहिल्यांदा देवाचा हार बांधलास तेव्हा जुन्या पुजाऱ्याने परत पाठवला होता. डोंगरातला माणूस, त्याच्या हातचा हार देवाला चालत नाही म्हणाला. तोही धर्मच सांगत होता. मी देवळात जाऊन भांडले होते. आठवतं का?"

दामूने रिळातली सुई काढून परत खोचली. म्हणाला, "आठवतं. म्हणून तर मी देवाचं जास्त सांभाळतो. तुम्हाला काय माहीत कसं वाटतं ते."

हेही खरं होतं. मी विषय सोडला.

पण प्रश्न सुटला नव्हता. हॉटेलच्या बँक्वेटचं सगळं ऋतुजा मॅडम बघतात. तिशीतली मुलगी, मला आजी म्हणते. तिला फोन केला आणि सरळ सांगितलं की माझा कारागीर नाही म्हणतोय.

ती म्हणाली, "आजी, तुम्ही व्हेंडर फॉर्मवर सही केली आहे."

व्हेंडर म्हणजे हॉटेलला माल पुरवणारा. फॉर्म इंग्रजीत होता. मी सही केली, वाचला नाही. कोणीच वाचत नाही, पण मला निदान कारण आहे.

"मराठीत सांग, काय लिहिलंय."

"धर्म, जात, लिंग, कोण कोणावर प्रेम करतं, यातल्या कशावरूनही पाहुण्याला नाही म्हणायचं नाही. म्हटलं तर कॉन्ट्रॅक्ट रद्द."

"सरकारचा कायदा आहे का हा?"

"नाही. कायद्यात असं लग्न अजून नोंदलंच जात नाही. समारंभ करायला मात्र बंदी नाही. आणि कोणत्या दुकानदाराने कोणाला माल द्यावा, त्यात कायदा असा स्पष्ट काही बोलत नाही. हा आमच्या कंपनीचा नियम आहे."

"मग दामूने नाही म्हटलं तर नियम मोडला?"

ती हसली. "हार वेळेवर आले, सांगितले तसे आले आणि पाहुण्यांना कोणी वाकडं बोललं नाही, की नियम पाळला. कोणाच्या हाताने बांधले ते आम्ही विचारत नाही."

मला ते पटलं. दामूला म्हटलं, "तुला नको तर तू बांधू नकोस. पण दुकान माझं आहे. दुकान कोणाला नाही म्हणणार नाही. मी बांधते."

"तुम्ही?" दामूने माझ्या बोटांकडे बघितलं. बोटं वाकडी झालीत, सांध्यांना सूज असते. दुकानातल्या बाकीच्या दोघी फक्त गजरे करतात. लग्नाचा हार आम्हा दोघांनाच येतो, आणि मी बारा वर्षांत एकही बांधला नव्हता.

"मी बांधायचे तेव्हा तुला सुईत दोरा घालता येत नव्हता," मी म्हणाले.

"तेव्हा तुमचे डोळे होते."

लग्नाच्या दिवशी सकाळी सातला आम्ही समोरासमोर बसलो. तो देवाचा हार घेऊन गप्प, मी लग्नाचे हार घेऊन बडबडत. अकराला मंगलाष्टका होत्या. दहाला रिक्षा निघायला हवी होती. पहिला हार छान झाला. दुसऱ्यालाही हात बसला. जुनी सवय परत येते तसं बोटांना आपोआप सुचायला लागलं. मध्ये दामू दोनदा खाकरला. मी लक्ष दिलं नाही. एकदा त्याने भुवया वर केल्या. मला वाटलं, माझ्या गाठींना नावं ठेवतोय.

साडेनऊला त्याचा हार पुरा झाला. त्याने तो ओल्या फडक्यावर ठेवला, हात जोडले आणि तोंड उघडलं.

"तो आखूड कोणाला?"

मी दोन्ही हार शेजारी धरले. एक लांब, एक वीतभर आखूड. एक गोंडा मोठा, एक लहान. माझ्या हातांनी जोडी बांधली होती. चाळीस वर्षं जे केलं तेच त्यांनी केलं, मला न विचारता.

"तू बघत होतास?"

"आठ वाजल्यापासून."

"मग बोलायचं नाही?"

"देवाचा हार हातात असताना मी बोलत नाय. तुम्हाला माहीत हाय. खाकरलो की."

फुलांची पिशवी रिकामी होती. मळेवाल्यालाही मी तोंडाने 'एक जोडी'च सांगितलं होतं, त्यामुळे फुलंही जोडीपुरतीच आली होती. लग्नसराई सुरू होती. साडेनऊला फूलबाजारात निशिगंध शोधणं म्हणजे झेंडूत मोगरा शोधणं. तरी मी दोन ठिकाणी फोन केला. दोघंही हसले.

लांब हार कापावा असं मनात आलं. पण सहा फुटी मुलाच्या गळ्यात आखूड हार म्हणजे शाळेतल्या सत्कारासारखा दिसतो. आणि त्या बाईला मी शब्द दिला होता, दोन्ही लांब.

मला मागायची सवय नाही. नुसती त्याच्या फडक्याकडे बघत बसले असेन.

दामू म्हणाला, "असं बघू नका."

"मी कुठे बघते?"

"दोन्ही बाजूंना वीत-वीत वाढवायचा. म्हणजे दोन विती निशिगंध लागणार." त्याने देवाच्या हाराकडे बघितलं. पुरुषभर लांब, पांढराशुभ्र. "वाहिलेला नाय अजून. वाहिला असता तर निर्माल्य झालं असतं, मग कोणालाच देता आलं नसतं."

"दामू, तुझा धर्म आहे, मी सांगणार नाही."

"सांगू बी नका." त्याने कात्री घेतली. हाराला नमस्कार केला आणि टोकाकडून दोन विती कापून माझ्यापुढे ठेवल्या. "माझा देव माप घेत नाय. तुमच्या त्या बाई घेतात."

मग तो हात मागे बांधून बसला. "आता तुमच्या हाराला मी हात लावणार नाय. तोंड लावायला बंदी नाय. गोंडा सोडा."

मी गोंडा सोडला.

"सूत दुहेरी घ्या. तसं नाय. आक्का, फूल ओवताय का भाजीला फोडणी देताय? देठाच्या वर सुई घाला. गाठ दाबा, ओढू नका, देठ तुटंल. हां. तुटला. दुसरं घ्या."

वीस मिनिटं त्याने मला इतकं ऐकवलं की सासूने आयुष्यभरात ऐकवलं नसेल. दोनदा त्याचे हात पुढे आले आणि दोनदा त्याने ते मांडीखाली दाबले. लहान गोंड्यात मोठ्यातली थोडी फुलं घालून आम्ही दोन्ही गोंडे सारखे केले. शेवटी दोन्ही हार खुंटीला लटकवले. दामू लांब उभा राहून एक डोळा मिटून बघत होता.

"बोटभर?" मी विचारलं.

"अर्धं बोट बी नाय." मग लगेच, "पण मला हे पटलेलं नाय, हे लक्षात ठेवा."

"पटवून घे असं कोणी सांगितलं तुला?"

रिक्षात मी स्वतः बसले. पोचले तेव्हा अकराला दहा मिनिटं कमी होती. ऋतुजा मॅडम दारात उभी होती, घामाघूम. बाईंनी पेटी उघडली, दोन्ही हार एकत्र धरले आणि वरपासून खालपर्यंत डोळ्यांनी मोजले. मोजपट्टी आणली नव्हती, पण नजर मोजपट्टीपेक्षा वाईट. मग त्यांनी मान हलवली आणि डोळे पुसले. मी दुसरीकडे बघितलं. मला रडण्याचं काही कळत नाही.

मंगलाष्टका रोहनच्या मावशीने म्हटल्या, बेसूर. मंगलाष्टका रोहनच्या मावशीने म्हटल्या, बेसूर. माझ्या पुढच्या खुर्चीवर एक जाडजूड काका बसले होते. ते बाईंना म्हणाले, "वहिनी, आता तरी सांगा. यातली नवरी कोण?"

बाई म्हणाल्या, "हार बघून ओळखा, भाऊजी."

काकांनी चष्मा पुसून बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "जेवण कुठे आहे?"

मी दुकानात परतले तेव्हा दामू देवळातून आला होता आणि तोंड पाडून बसला होता. म्हटलं, पुजाऱ्याने आखूड हार परत पाठवला असणार, पुन्हा भांडायला जावं लागणार.

"काय म्हणाला पुजारी?"

"काय नाय म्हणाला."

"मग?"

"दोन विती कमी हाय, आन् त्याला कळलं बी नाय," दामू म्हणाला. "तीस वर्षं मापात बांधतोय मी."

त्याला चहा पाजला, दोनदा. तेव्हा कुठे तो सुरळीत झाला. तो अजून माझ्याकडेच आहे. तशा लग्नाचे हार अजूनही बांधत नाही, आणि मी सांगत नाही. मागच्या महिन्यात तशी आणखी एक ऑर्डर आली, दोन मुलींची. तो समोर बसून तोंडाने बांधत होता.

मी एक गोष्ट बदलली. ऑर्डरच्या वहीत आता 'एक जोडी' लिहीत नाही, नवरा-नवरीही लिहीत नाही. पहिला हार, दुसरा हार, आणि दोन्हींपुढे माप. हातांना सगळं माहीत असतं असं म्हणतात. हातांना फक्त कालचं माहीत असतं. आजचं विचारावं लागतं.