दौलतकाकांची चिनी बाटली

दौलतकाका नसते तर मी आज जानेफळला कुणाच्या तरी वावरात निंदत असतो. ते माझ्या नात्यातले नव्हेत. आमच्या वस्तीतले, पलटणीतून परतलेले. सातवीनंतर त्यांनी मला सायकलीवर पुढे बसवून मेहकरला नेलं आणि हायस्कूलच्या हेडमास्तरांना असा कडक सलाम ठोकला की ते खुर्चीतून उठूनच उभे राहिले. माझं नाव दाखल झालं. पुढे अकोल्याला कॉलेज झालं, तेही त्यांच्याच पाठबळावर. वस्तीतला पहिला बी.ए. मी.

त्याच काकांशी मी जे वागलो ते माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. नऊ वर्षं झाली. तुम्हाला सांगतो आहे — का तुम्हालाच, ते मला नीट सांगता येणार नाही.

काकांकडे तपकिरीची एक बाटली होती. मुठीत मावेल एवढी, दुधी दगडाची. त्या दगडावर तपकिरी रंगाचा एक थर होता आणि तो कोरून चित्र काढलेलं — झाडाखाली गळ टाकून बसलेला म्हातारा, त्याच्या टोपीच्या काड्यासुद्धा मोजता याव्यात. हिरवं बूच, बुचाला आतून हस्तिदंती चमचा. दुसरं महायुद्ध संपल्यावर सिंगापुरात एका चिनी दुकानदारानं ती त्यांना दिली होती. दंगलीत काकांनी त्याच्या दारावर दोन दिवस पहारा केला होता म्हणून. ही हकीकत वस्तीला पाठ होती. पण खरी कुणाला वाटायची?

"काका, चिन्यानं तुमाले औषधाची रिकामी बाटली देल्ली!" असं वस्तीतलाच श्रीपत नेहमी म्हणायचा, आणि सगळे हसायचे. काकाही हसायचे.

महाराष्ट्र राज्य होऊन वर्ष झालं असेल. मी नुकताच पास होऊन गावी आलो होतो. पोरांना अभ्यासाला वस्तीत एक खोली हवी, हे काकांनी मनावर घेतलं होतं. बाटली विकीन आणि खोली बांधीन, असा शब्द त्यांनी सगळ्यांसमोर दिला. त्या शब्दावर लोकांनी पाया खणला, नाल्यातून दगड वाहून आणले. पलटणीतल्या एका दोस्तानं मुंबईतल्या जुन्या वस्तूंच्या दुकानाचा पत्ता कळवला. मेहकरला बाटलीचा फोटो काढला, पत्र मी लिहिलं — मराठीतच.

महिन्यानं उत्तर आलं. इंग्रजीत, हातानं लिहिलेलं.

ओट्यावर दहा-बारा माणसं जमली. काकांनी पाकीट माझ्या हातात दिलं. "वाच बे. आमचा बी.ए. हाय, पाहा आता."

मी वाचायला लागलो. अक्षर तिरकं, एकातून दुसरं निघालेलं. जे शब्द लागत होते त्यांतले निम्मे मी कधी पाहिलेच नव्हते. मी छापील पुस्तकं पाठ करून पास झालो होतो, दुसरं काय? पान संपलं आणि मला काहीही कळलेलं नव्हतं.

"काऊन बे, गप काऊन झाला?"

"मला कळत नाही" — तीन शब्द. एवढंच म्हणायचं होतं. पण सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते. माझी आईसुद्धा, दाराआडून. मी पत्राची घडी घातली आणि म्हणालो, "ते म्हणतात, साधी वस्तू आहे. अशा बाजारात ढिगानं मिळतात. नको म्हणतात."

श्रीपत मोठ्यानं हसला. "आता बांधा खोली! म्या म्हनत नोतो?" आणि मग, "पन यानं तरी बराबर वाचलं काय?"

काका त्याच्यावर उखडले. "कागदावर हाय ते हाय! माया पोराले इंग्रजी येते. तुले येते काय बे?"

इथवर मी घाबरलो होतो, असं म्हणता येईल. पुढचं तसं नाही.

पत्र माझ्या खिशातच राहिलं होतं. तीन दिवसांनी दाखल्यासाठी मेहकरला गेलो, तेव्हा हायस्कूलच्या वाचनालयात मोठा शब्दकोश घेऊन बसलो. एकेक शब्द लावला. बाटली अस्सल दिसते, शंभर वर्षांच्या आतली नाही, काम उत्तम आहे, आम्हाला ती घ्यायची आहे. येऊन दाखवावी, प्रवासखर्च आम्ही देऊ. दोन वेळा वाचलं. चूक नव्हती.

बाटली तेव्हा काकांच्या कोनाड्यातच होती. मी परत आलो तेव्हा मला दिसली. आठवडी बाजाराला पाच दिवस होते. पाच दिवस मी त्यांच्या ओट्यावरून जात-येत राहिलो, त्यांच्या हातचा चहा प्यालो. खरं सांगितलं तर खोली झाली असती. पण मग मला इंग्रजी येत नाही, हे श्रीपतला कळलं असतं. हे एका पारड्यात आणि ते दुसऱ्या पारड्यात — आणि मी काय निवडलं, पाहा.

बाजाराच्या दिवशी काकांनी ती बाटली एका अत्तरवाल्याला देऊन टाकली. काही घेतलं नाही. "खोट्या वस्तूचं काय घ्याचं?" म्हणाले. अत्तरवाला कुठला होता, कुणाला माहीत नाही.

खणलेल्या पायात पाणी साचायचं. दगड हळूहळू लोकांनी गोठ्यांना नेले. काका वस्तीच्या बैठकीला येत, पण मागे बसत. सिंगापूरची हकीकत मी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकली नाही. एकदाच म्हणाले, "त्या चिन्यानंच मले फसवलं असन रे." मी तेव्हाही गप्प होतो.

मी आता मलकापूरला शिक्षक आहे. इंग्रजी शिकवतो. येत नसेल तर येत नाही म्हणा, असं मुलांना सांगतो. कोणत्या तोंडानं?

जानेफळचा पोस्टमन कार्ड आधी स्वतः वाचतो, मग ओट्यावर सगळ्यांना वाचून दाखवतो. म्हणून पाकीट घेतलं नाही. आज सकाळी कार्ड टाकलं. त्यावर एवढंच आहे —

ती. दौलतकाका यांस,
सप्रेम जयभीम. मुंबईचं पत्र त्या दिवशी मला वाचता आलं नव्हतं. वाचलं असं मी खोटं सांगितलं. बाटली अस्सल होती आणि त्यांना ती हवी होती, असं त्यात लिहिलं होतं. तुम्ही बाटली देऊन टाकली त्या बाजाराच्या पाच दिवस आधी हे मला कळलं होतं आणि मी बोललो नाही. त्या चिनी माणसानं तुम्हाला फसवलं नाही. मी फसवलं.
— उत्तम