गिटार राहते कुठे?

महमूदचाचांकडे गिटार दुरुस्तीला नेली की ते आधी गिटारकडे बघत नाहीत. आपल्याकडे बघतात आणि विचारतात, "राहते कुठे ही?" जणू सोयरीक जमवायला बसलेत. मला तेव्हा हसू आलं होतं. आज ते हसू आठवलं तरी कानशिलं तापतात.

चाचा चौतीस वर्षं भिवंडीत कापडाच्या लूमचे मिस्त्री. टेमघरला त्यांची एक खोली आहे, तिची मागची भिंत कारखान्याची. दिवसभर पलीकडून खटाखट चालूच. त्या आवाजात काही ऐकू येत नाही, म्हणून तारांची फरफर ते हनुवटीने ओळखतात. तार छेडायची, गिटारच्या लाकडावर हनुवटी टेकायची आणि डोळे मिटायचे. हे काम ते मुलाच्या, ताबिशच्या गिटारवर शिकले. तो कुवेतला गेला, त्याची वाजवून वाजवून झिजलेली गिटार घरात पडली होती. चाचांनी ती उघडून बघितली. पुढे चाचांची नजर कमी झाली, हात कापायला लागले म्हणून मालकाने लूमवरून घरी बसवलं, तेव्हा दारावर पाटी लागली: 'गिटार नीट करून मिळेल.' पाटी बघून गल्ली हसली, पण हळूहळू कल्याणपासून पोरं यायला लागली. हात कापतो म्हणणाऱ्या मालकाला ते उत्तर होतं. चाचांसाठी ती पाटी म्हणजे सगळी इज्जत होती, आणि हे मला चांगलं माहीत होतं.

माझी गिटार सहा वर्षं बेदम वाजवलेली. हळदी, साखरपुडे, बारशी, आमच्या वळ गावातलं एकही कार्य मी सोडलं नव्हतं. मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांना तारांनी खाचा पाडल्या होत्या आणि तारा इतक्या उंच गेल्या होत्या की दाबता दाबता बोटं सोलून निघायची. बहिणीची, निशाची हळद तीन आठवड्यांवर आली होती.

"राहते कुठे?" चाचांनी विचारलं.

"घरी. कुठे राहणार?" मी म्हणालो.

हे खोटं होतं. गिटार राहायची मानकोलीला, आमच्या गोडाऊनच्या ऑफिसात, एसीखाली, वडिलांच्या नकळत. माझे वडील केसरीनाथ यांनी बजावलं होतं, "गोडाऊनवर गिटार दिसली त तुझी न् तिची दोघांची गठडी बांधीन. गाड्या लोड कोण करल?" ही धमकी मीच चाचांना हसत हसत सांगितली होती. वर, गिटार घरीच ठेवतो असंही सांगितलं. उगाच कुठे बोभाटा, एवढाच विचार.

चाचांची कामाची पद्धत अशी, की गिटार जिथे राहणार तसल्या हवेत ती आधी चार दिवस टांगायची आणि मगच तिला हात लावायचा. हे त्यांचं लूमचं ज्ञान. कारखान्यात हवा कोरडी झाली की सूत तुटतं, म्हणून जमिनीवर पाणी मारतात. लाकडाचंही तसंच, ओलीत फुगतं, कोरड्यात आक्रसून बसतं. आमचं घर खाडीच्या अंगाला, भिंतींना बारा महिने ओल. म्हणून त्यांनी माझी गिटार कारखान्यातल्या ओल्या कोपऱ्यात टांगली. लाकूड फुगून वर आलं, तारा आणखी चढल्या. मग त्यांनी पट्ट्या घासून एका पातळीत आणल्या, तारा ज्या हाडाच्या पट्टीवर टेकतात ती खालून घासली आणि तारा बेताच्या खाली आणल्या. मी तिथेच वाजवून बघितली. लोण्यासारखी!

आणि मी ती नेऊन बारा दिवस एसीखाली उभी केली.

हळदीच्या संध्याकाळी गाडी थेट मानकोलीहून मांडवात. चारशे माणसं, पुढच्या खुर्चीत वडील, दुसऱ्या रांगेत इस्त्रीचा शर्ट घालून चाचा. मीच बोलावलं होतं त्यांना. पहिलीच तार छेडली आणि स्पीकरमधून खर्रर्र! दुसरी, तिसरी, सगळ्याच. लाकूड बसलं होतं, तारा पट्ट्यांवर लोळत होत्या. पोरं खिदळायला लागली. माझं डोकं फिरलं. मी माईक हातात घेतला.

"लूमच्या मिस्त्रीने गिटारला हात लावला की हे असं होतं! टेमघरचे महमूदचाचा समोरच बसलेत. टाळ्या वाजवा!"

लोकांनी वाजवल्या. चाचा उठून पुढे आले. मला वाटलं, भांडतील. त्यांनी गिटारच्या पाठीला तळवा लावला, जरा वेळ तसाच ठेवला, माझ्याकडे बघितलं, एकदा वडिलांकडे बघितलं आणि निघून गेले. जेवलेसुद्धा नाहीत.

कुणीतरी त्याचा व्हिडिओ केला होता. तो दोन दिवसांत भिवंडीभर फिरला. मी रागाने गिटार घरच्या माळ्यावर फेकली.

महिन्याने ती विकायला म्हणून खाली काढली. घेणाऱ्याला दाखवायला तार छेडली, तर आवाज स्वच्छ. सगळ्या तारा स्वच्छ! घरच्या ओलीत ती महिनाभर राहिली होती आणि चाचांनी लावल्याप्रमाणे बरोब्बर जागेवर आली होती. घेणारा खूश झाला. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याला परत पाठवून मी टेमघर गाठलं.

दारावर पाटी नव्हती. हबीबाचाचींनी दार उघडलं, चहाही विचारला नाही. मी चाचांना सगळं सांगितलं, एसी, गोडाऊन, खोटं.

"मालूम होतं," चाचा म्हणाले. "मे महिना, मांडवात माणसं घामाने निथळतायत न् गिटारची पाठ बर्फासारखी. एसी नाय तर काय?"

"मग तिथेच का नाही बोललात?"

"तुझा बाप पुढे बसलेला. बहिणीची हळद. तिथे बोललो असतो तर तुझी काय इज्जत राहिली असती?"

मी त्यांचे पाय धरायला वाकलो. त्यांनी खांद्याला धरून उभं केलं.

"माफी बंद खोलीत नको, बेटा. माईकवर बोललास ना? माईकवरच सांग. पोरं यायची बंद झालीत. तुझ्या चाचीला वाटतं, माझे हात खरंच गेले."

मग त्यांनी माझ्या हातातून गिटार घेतली आणि विचारलं, "आता खरं सांग. राहणार कुठे?"

"घरी," मी म्हणालो. या वेळी ते खरं होतं. त्यांनी तिथल्या तिथे तारा पुसल्या, हनुवटी टेकून बघितलं आणि परत दिली.

पुढच्या पंधरवड्यात लडकूमामाच्या घरी हळद होती. मांडव तसाच, माणसं बहुतेक तीच. मी चाचांना निरोप धाडला होता, या, आज सांगणार आहे. माईक हातात आला. समोर वडील, पाय पसरून, हातात थंड्याची बाटली. सांगायचं म्हणजे एसी आला, गोडाऊन आलं, ड्युटीवर वाजवत बसायचो ते आलं. बाजूला मामाकडची सगळी मंडळी. मी घसा खाकरला आणि म्हणालो, "पुढचं गाणं नवरदेवाच्या आईसाठी." गिटार अशी वाजली की लोक उठून नाचले. त्या टाळ्या घेताना मला स्वतःची किळस आली, तरी घेतल्या.

गाणं संपता संपता चाचा मांडवात शिरले. डोक्यावर अजून टोपी होती. घाईघाईने माझ्यापाशी आले.

"नमाज पढून येईपर्यंत टाइम झाला रे. बोललास?"

त्यांचा चेहरा इतका उजळलेला होता. लोक नाचताना त्यांनी बाहेरून बघितलं असणार आणि त्याचा अर्थ त्यांनी आपल्या परीने लावला असणार.

"हो चाचा," मी म्हणालो. "बोललो."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग शर्ट खाली ओढून नीट केला आणि सगळ्या मांडवातून ताठ मानेने चालत, माझ्या वडिलांशी हात मिळवायला गेले.