वेलबुट्टीचं अक्षर

माझ्या त्या टाइपची कुणी तारीफ केली की मला आनंद होण्याऐवजी दमल्यासारखं होतं. लोक ज्याला चांगलं म्हणतात, ते माझ्या मनातलं अक्षर नव्हेच.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. गिरगावातल्या एका टाइप फाउंड्रीत, म्हणजे छपाईचे खिळे ओतायच्या कारखान्यात, मी अक्षरं रेखाटायच्या नोकरीवर होतो. दिवसभर दुसऱ्यांच्या अक्षरांची डागडुजी करायची आणि संध्याकाळी चाळीतल्या खिडकीशी बसून स्वतःचं अक्षर काढायचं. इंग्रजी अक्षरांच्या पायांना नाजूक टोकं असतात, तशी मी देवनागरीला दिली होती. प्रत्येक काना खाली उतरून वेलीच्या कोंबासारखा दोन्हीकडे वळायचा. नाटकाच्या जाहिरातींना, दिवाळी अंकांना शोभेल असं ते अक्षर होतं. मालक म्हणाले होते, "आधी कुठे छापून दाखवा. बरं दिसलं तर ओतू." म्हणून लाकडी ठशांचा एकुलता एक संच कोरून घेतला आणि लालबागच्या एका ओळखीच्या छापखान्यात नेऊन ठेवला. लग्नपत्रिकेवर त्यातला 'श्री' फार देखणा उठायचा. बाकी कुणी त्याला हात लावत नव्हतं.

एका दुपारी छापखान्यातून बोलावणं आलं. शिवाजी पार्कवरच्या सभेची पत्रकं छापायची होती, मोठी अक्षरं दुसऱ्या कामात अडकलेली, म्हणून कंपोझिटरने माझी लावली होती. पहिला कागद पाहिला आणि माझं तोंडच उतरलं. टोकांना जागा हवी म्हणून मी ठसे रुंद करून घेतले होते, त्यामुळे शेजारशेजारच्या शिरोरेषा जुळतच नव्हत्या. लांबलचक शब्द मी कधी लावून पाहिलाच नव्हता. दुसऱ्याच्या अक्षरातली ही चूक मी झोपेतही पकडली असती, पण आपला तो बाब्या!

पत्रकं न्यायला आलेला गिरणी कामगार वैतागून म्हणाला, "संयुक्त लिवलंय नि अक्षरं एकमेकांना शिवत नायत! बेगीन काय ता करा, सांजेक चिकटवूची आसत."

"टोकं उडवून बाजू तासल्या तर बसतील," कंपोझिटर हळूच म्हणाला. "पण ठसे तुमचे. तुम्ही म्हणाल तसं."

मला संताप आला. जा म्हणावं दुसऱ्या छापखान्यात, असं ओठावर आलं होतं. पण त्या कामगाराच्या चाळीतला एकजण गोळीबारात गेला होता, हे मला माहीत होतं. मी करवत मागून घेतली. दुसऱ्या कुणी टोकं कापलेली मला बघवली नसती. एकेक टोक खाली पडत गेलं, अक्षरं एकमेकांना भिडली आणि शिरोरेषा सलग झाली. पत्रक खरंच ठसठशीत दिसत होतं. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

लालबागपासून हिंदमातापर्यंत भिंतीभिंतीवर ते लागलं. लोक थांबून वाचत होते. मालकांनीही वाचलं.

"सभेच्या पत्रकावरचं अक्षर कुणाचं हो? दणकट आहे."

"माझंच."

"मग असंच ओतू या."

मी घाईघाईने वेलबुट्टीचे मूळ कागद त्यांच्यापुढे पसरले. त्यांनी ते शांतपणे पाहिले. "सुंदर आहे हो," ते म्हणाले, "पण हे घेणार कोण?"

मी कागद गोळा केले. भांडायचं त्राण नव्हतं. मी हो म्हटलं आणि दुसऱ्या दिवसापासून तीच अक्षरं बिनटोकांची रेखाटायला बसलो. काना खाली यायचा, सवयीने हात वळायला लागायचा आणि मी त्याला तिथेच थांबवायचो.